वाचक विचारतात : एका दिवसात किती स्कॉटलंड?

स्कॉटलंडच्या सहलीबद्दल प्रश्न पाठवा, असं आपण मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेली बरीचशी पत्रं एकाच बेताभोवती फिरतात : एडिंबरात तीन-चार दिवस मुक्काम, त्यातला एक दिवस खासगी गाडी करून व्हिस्कीची डिस्टिलरी, किल्ला आणि समुद्र. आधीच सांगून टाकते. मी एडिंबराच्या उत्तरेला, खाडीपलीकडच्या फाइफ परगण्यात राहते आणि पाहुण्यांना गाडीतून हिंडवणं हाच माझा धंदा आहे. तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबानं घ्या.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघं निवृत्त, मुलगी-जावई लंडनला. सप्टेंबरात चौघं एडिंबराला जातोय. एजंटानं एका दिवसाच्या खासगी टूरचा कार्यक्रम पाठवलाय : सकाळी आठला निघून स्पेसाइडच्या दोन डिस्टिलरी, मग बाल्मोरल, वाटेत डनॉटर किल्ला, रात्री परत. पैसे बरेच सांगतोय. घ्यावी का?
— एक वाचक, डोंबिवली

काका, हा कार्यक्रम घेऊ नका. एजंटानं नकाशावर बोट फिरवलंय, गाडी चालवलेली दिसत नाही. एडिंबराहून स्पेसाइडमधलं, म्हणजे उत्तरेकडच्या व्हिस्कीच्या मुलखातलं, डफटाउन साडेतीन तासांच्या आसपास. तिथून डोंगरातल्या वळणांनी बाल्मोरल सव्वा-दीड तास, बाल्मोरलहून पूर्व किनाऱ्यावरचा डनॉटर सव्वा तास, आणि तिथून एडिंबरा पुन्हा सव्वादोन तास. नुसतं बसणंच आठ तासांवर गेलं. त्यात दोन डिस्टिलरी, प्रत्येकी किमान दीड तास. डनॉटरला पोचाल तेव्हा दरवाजा बंद झालेला असेल. आणि बाल्मोरलचं म्हणाल तर उन्हाळा सरताना राजघराणं तिथे मुक्कामाला येतं, तेव्हा सप्टेंबरात आत सोडतच नाहीत. फाटकाबाहेर फोटो काढण्यासाठी एवढा वळसा कोण घालतं?

खासगी गाडीला जास्त पैसे मोजायचे ते मनात येईल तिथे थांबता यावं म्हणून. धावायचंच असेल तर मोठ्या बसची टूर स्वस्तात धावते. माझा हिशेब असा की एका दिवसात एक डिस्टिलरी, एक किल्ला, एक किनारा. स्पेसाइड किंवा आयला बेट बघायचंच असेल तर तिथे दोन रात्री राहा. एडिंबराहून जाऊन-येऊन करण्याच्या त्या जागा नव्हेत.

एका दिवसासाठी मी फाइफ सुचवीन. माझा परगणा आहे म्हणून सांगते असं वाटेल, तर वाटू दे. नऊला निघा. फोर्थच्या खाडीवरचा नवा पूल २०१७ चा. त्यावरून जाताना उजवीकडे १८९० सालचा तांबडा रेल्वे पूल दिसतो. तो नीट बघायचा असेल तर अलीकडच्या साउथ क्वीन्सफेरी गावात दहा मिनिटं थांबायला सांगा. तिथून तासाभरात टे नदीकाठचं न्यूबर्ग. इथे लिंडोर्स नावाचा मठ होता, ११९१ मध्ये स्थापलेला. आता पडक्या भिंती उरल्यात. १४९४ च्या राजदरबारी हिशेबात एक नोंद आहे : राजाच्या हुकमावरून ब्रदर जॉन कॉर यास अ‍ॅक्वा व्हिटी करण्यासाठी आठ बोल माल्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, आणि बोल हे त्या काळचं धान्याचं माप. स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीचा सर्वात जुना लेखी दाखला म्हणून हीच ओळ दाखवतात, आणि हा ब्रदर कॉर लिंडोर्स मठातला मानला जातो. मठासमोरच २०१७ मध्ये नवी डिस्टिलरी सुरू झाली. स्टिलच्या, म्हणजे दारू गाळण्याच्या भांड्यांच्या, दालनाला मोठमोठ्या काचा आहेत. आत तांब्याची भांडी तापलेली आणि बाहेर पडका मठ, असं एका नजरेत दिसतं.

डिस्टिलरी सकाळीच उरका. तोवर नाक ताजं असतं, आणि चाखून झाल्यावर जेवण मिळतं. जेवण सेंट अँड्रूजला, मग तिथला किल्ला. नंतर क्रेल, अँस्ट्रूथर, पिटनवीम ही कोळ्यांची गावं. लाल कौलं, पायऱ्या-पायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती आणि बंदरात रचलेले खेकड्यांचे पिंजरे. सहाव्या जेम्स राजानं फाइफला सोनेरी काठाची भिकाऱ्याची कांबळ म्हटलं होतं असं सांगतात. त्यातला काठ म्हणजे हा किनारा. आतल्या कांबळीबद्दल राजाशी माझं पटत नाही, पण ते असो.

एक धोका मात्र आहे. एप्रिल ते सप्टेंबर या किनाऱ्यावर समुद्रावरून गार धुकं चढतं, त्याला इथे ‘हार’ म्हणतात. बाकी देशात ऊन आणि क्रेलच्या धक्क्यावर पलीकडची होडी दिसत नाही, असं होतं. त्या दिवशी किनाऱ्याचा हट्ट धरू नका. आतल्या बाजूला फॉकलंडला राजवाडा आहे. तिथे १५३९ सालचं टेनिसचं अंगण आहे, राजेलोकांच्या जुन्या टेनिसचं, आणि ते आजही खेळतात. किनाऱ्यावर हार असताना फॉकलंडला पुष्कळदा स्वच्छ ऊन असतं. ड्रायव्हरला तिथल्या तिथे ‘चला, वळवा’ म्हणता येणं, एवढ्यासाठीच तर खासगी गाडी. ठरवतानाच विचारा की बेत ऐनवेळी बदलता येईल का. एजंट का-कू करू लागला तर दुसरा बघा. भाडं बहुतेक ठिकाणी गाडीचं असतं, माणशी नसतं. तुम्ही चौघं आहात म्हणजे बरं पडेल. प्रवेशाची तिकिटं त्यात धरलीत का, तेवढं लेखी घ्या.

प्रश्न : मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून नोकरी केली. मळीपासून स्पिरिट काढण्यात आयुष्य गेलं. मुलगा म्हणतो, बाबा, स्कॉटलंडची डिस्टिलरी बघाच. मला तिथे नवीन काय दिसणार?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

साहेब, तुमच्यासारखा पाहुणा मिळाला की तिथल्या गाइडची पंचाईत होते आणि मला मजा येते. मी कराडकडची. मळीचा आणि स्पेंटवॉशचा, म्हणजे स्पिरिट काढून उरलेल्या पाण्याचा, वास नाकात घेऊनच वाढले. म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट जाणवेल ती वासाचीच : इथला वास अंगावर येत नाही. माल्ट दळून गरम पाण्यात कालवतात त्या दालनात भाजलेल्या सातूचा गोडसर वास असतो. चोथा उरतो तो आसपासच्या गोठ्यांत गुरांना जातो.

नंतर वॉशबॅक, म्हणजे आंबवण्याच्या टाक्या. कित्येक ठिकाणी त्या अजून लाकडी आहेत. दोन-तीन दिवसांत आठ टक्के अल्कोहोलच्या आसपासचा वॉश, म्हणजे आंबलेला रस, तयार होतो. गाइड झाकण उघडून ‘वास घ्या’ म्हणेल. तुम्हाला कार्बन डायऑक्साइड सांगायला नको, पण सोबतच्या मंडळींना सांगा की डोकं आत घालू नका. नाकात असा झटका बसतो की डोळ्यांतून पाणी येतं.

खरा फरक पुढे आहे. तुमचा कॉलम, म्हणजे स्पिरिट गाळण्याचा उंच मनोरा, दिवसरात्र चालतो आणि पंच्याण्णव-शहाण्णव टक्क्यांचं स्पिरिट देतो, त्यात कच्च्या मालाची चव जवळपास उरत नाही. सिंगल माल्ट तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, घाण्यामागून घाणा असं काढतात. पहिल्या स्टिलमधून वीस-पंचवीस टक्क्यांचं, दुसऱ्यातून सत्तरीच्या आसपास. तांबं गंधकाचे वास ओढून घेतं, म्हणून स्टेनलेस स्टीलनं काम भागत नाही.

आता स्पिरिट सेफपाशी थांबा. पितळेची चौकट, काचेची पेटी, वर कुलूप. हे कुलूप पूर्वी एक्साइजचं असायचं. आपल्याकडे राज्य उत्पादन शुल्काचा माणूस आणि त्याची सीलं तुम्ही रोज पाहिली असतील. त्याचंच हे थोरलं भावंड. पेटीच्या आत स्पिरिटची धार पडत असते आणि स्टिलमनला तिला हात लावता येत नाही. बाहेरच्या दांड्या फिरवून तो धार इकडची तिकडे करतो. सुरुवातीची धार तो पाण्यात मिसळून बघतो. पाणी गढूळ झालं की अजून ‘फोरशॉट्स’, म्हणजे बाजूला काढायचं डोकं. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बघत बसतो. मिश्रण नितळ राहिलं की दांडी फिरवतो, आणि तिथून पुढची मधली धार तेवढी पिंपात जाते. शेवटी पुन्हा वळवतो. मागची-पुढची धार वाया जात नाही, पुढच्या घाण्यात मिसळते. काही डिस्टिलरींत आता हे सगळं संगणकावर चालतं. तुम्ही बुकिंग करताना विचारा की धार हातानं कोण वळवतं. केमिस्टला तेच बघण्यासारखं आहे.

आणखी एक विचारायचं. तुमचा गाळप हंगाम असतो तसा इथे उलटा ‘सायलेंट सीझन’ असतो. उन्हाळ्यात काही आठवडे दुरुस्तीसाठी स्टिल बंद. टूर चालू असते, तिकीटही तेवढंच, पण भांडी गार. जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर ‘त्या दिवशी स्टिल चालू आहेत का’ हे ईमेलनं विचारून घ्या.

मळीचं स्पिरिट व्हिस्कीच नव्हे, हे इथे ऐकायला मिळेल. कायद्यानं ते खरंच आहे : स्कॉच धान्यापासूनच, ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षं मुरवलेलं, आणि चाळीस टक्क्यांहून कमी नाही. पण कॉलमला नावं ठेवू लागले तर सांगा की स्कॉचच्या बहुतेक ब्लेंडमध्ये कॉलमवर काढलेली ग्रेन व्हिस्कीच असते. फाइफमधलंच कॅमरनब्रिज हे तिचं मोठं ठिकाण. एनीअस कॉफी या माणसानं १८३० मध्ये ज्या कॉलमचं पेटंट घेतलं, तो तुमच्या कॉलमचा आजोबा. तो स्वतः आधी आयर्लंडमध्ये एक्साइजचाच अधिकारी होता.

प्रश्न : नवरा आणि दीर चाखणार. मी आणि सासूबाई घेत नाही, शाकाहारी आहोत, मुलं सहा आणि बारा वर्षांची. आम्ही चौघांनी दीड तास करायचं काय?
— एक वाचक, नाशिक

वहिनी, पहिली अडचण धाकट्याची. बऱ्याच डिस्टिलरी उत्पादनाच्या भागात आठ वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. प्रत्येकीचा नियम निराळा, तेव्हा तिकिटाआधी विचारा. त्यामुळे तुमच्यापैकी एकीला धाकट्याबरोबर बाहेर थांबावंच लागेल. त्यासाठी गाव जवळ असलेली डिस्टिलरी निवडा, ड्रायव्हर तेवढा वेळ तुम्हाला हिंडवील. फाइफमधल्याच किंग्सबार्न्सची डिस्टिलरी शेतावरच्या जुन्या इमारतीत आहे आणि समुद्रकिनारा जवळच. पुरुषांना तिथे सोडा, मुलांना वाळूत सोडा. मला विचाराल तर जास्त चांगला सौदा तुमचाच.

सासूबाईंना आत यायचं असेल तर जरूर येऊ द्या. ग्लास पुढे आला की नुसता वास घ्यायचा, कोणी आग्रह करत नाही. त्यांच्या वाट्याची चव छोट्या बाटलीत भरून देतात का, हे विचारा. ही सोय मूळची गाडी चालवणाऱ्यासाठी असते.

खाण्याचं नीट ऐका. इथे कुठल्याही साध्या कॅफेत मसुरीचं गरम सूप मिळतं, आणि आपण ‘डाळच ती’ म्हणून बिनधास्त मागवतो. जुन्या पद्धतीत ते डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका, ‘स्टॉक कशाचा?’ हेही विचारा. किनाऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानांत काही जण गोमांसाच्या चरबीत तळतात. तेही विचारायचं. हॅगिस हा मूळचा मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळतं, ओट आणि डाळींचं, मिरी घातलेलं. सासूबाईंना आवडेल, फक्त आधी नाव सांगू नका.

मुलांची उंची कळवून गाडीत सीट आधीच मागून ठेवा. इथे बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर होईपर्यंत मुलांना वेगळी सीट लागते.

प्रश्न : गाडी भाड्यानं घेऊन स्वतःच चालवली तर? भारतीय लायसन्स चालतं म्हणतात. एकेक घोट घ्यायचा, त्यात काय!
— एक वाचक, ठाणे

लायसन्स चालतं, बारा महिने. घोट चालत नाही. इंग्लंडमध्ये रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे; स्कॉटलंडनं ती २०१४ च्या डिसेंबरपासून ५० वर आणली. टूरमध्ये तीन-चार नमुने देतात, प्रत्येक चाळीस टक्क्यांच्या वर. ‘त्यात काय’चा हिशेब पोलिसांच्या यंत्रावर करू नका. कोणी एकानं त्या दिवशी अजिबात घ्यायची नाही असं ठरवा, नाहीतर ड्रायव्हर घ्या.

प्रश्न : राजगड, सिंधुदुर्ग, हरिश्चंद्रगड बघून झालेत. इथले किल्ले आमच्यापुढे काय टिकणार?
— एक ट्रेकर, सातारा

भाऊ, राजगडाशी तुलना केलीत तर फसाल. इथला बहुतेक किल्ला म्हणजे सरदाराचं तटबंदीचं घर. आवार लहान, जिने अरुंद. चढणीचा आनंद हवा असेल तर डोंगरात जा, किल्ल्यात नको.

तरी सेंट अँड्रूज बघाच, आणि वर नको, जमिनीखाली बघा. १५४६ मध्ये कार्डिनल बीटन या बड्या धर्मगुरूला त्याच्याच या किल्ल्यात मारलं आणि मारेकरी आत ठाण मांडून बसले. वेढा घालणाऱ्यांनी खडकातून भुयार खोदायला घेतलं. आतल्यांना खणण्याचा आवाज यायचा, पण दिशा कळेना. त्यांनी चाचपडत उलट भुयार खणलं, चुकले, पुन्हा खणलं आणि अखेर शत्रूच्या भुयारात जाऊन भिडले. दोन्ही भुयारं शाबूत आहेत. वेढा घालणाऱ्यांचं ऐसपैस, आत उभं राहता येईल असं. आतल्यांचं घाईत खणलेलं, वाकडंतिकडं, वाकून आणि पुढे जवळपास रांगत जायचं. खडक ओला असतो, गुडघे मळतात. ज्याला घाई होती त्याचं भुयार कोणतं, हे अंधारात हातानं चाचपून कळतं. त्या दिवशी भुयार खुलं आहे ना, एवढं खिडकीवर विचारून घ्या. समुद्राकडच्या बुरुजात बाटलीच्या आकाराची अंधारकोठडीही आहे, खडकात कोरलेली, तोंड अरुंद आणि खाली रुंद. बीटनचं प्रेत मिठात घालून तिथेच ठेवलं होतं असं सांगतात.

समुद्रातला किल्ला म्हणून सिंधुदुर्गाशी बोलायची लायकी फक्त डनॉटरची. तीन बाजूंना कडे, खाली लाटा. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यानं १६५१-५२ मध्ये त्याला आठ महिने वेढा घातला. राज्याभिषेकाचा मुकुट, राजदंड आणि तलवार आत होती. किल्ला पडला तेव्हा त्या आत सापडल्याच नाहीत. जवळच्या किनेफ गावच्या पाद्र्याची बायको, क्रिश्चन फ्लेचर, हिच्या हातून त्या बाहेर निघाल्या आणि १६६० पर्यंत चर्चच्या फरशीखाली राहिल्या. आता त्या एडिंबराच्या किल्ल्यात बघायला मिळतात. डनॉटरसाठी गाडीचे पैसे घालू नका. एडिंबराहून स्टोनहेवनला थेट रेल्वे आहे, पुढे कड्याच्या वाटेनं चालत जा. तुम्हाला चालायचं काय! वारा फार असला तर बंद ठेवतात, तेवढं सकाळी बघून निघा.

प्रश्न : किती बाटल्या आणता येतात? डिस्टिलरीत स्वस्त पडतात का?
— एक वाचक, वाकड

स्वस्त पडत नाहीत. पर्यटकांना व्हॅट परत मिळायचा, तो २०२१ पासून ब्रिटनमध्ये बंद झाला. तीच बाटली सुपरमार्केटात कमी किमतीला दिसेल. डिस्टिलरीतून घ्यायची ती फक्त तिथेच मिळणारी.

भारतात शुल्काविना माणशी दोन लिटर. आता इथली बाटली ७०० मिलिलिटरची, आपल्याकडची ७५० ची. तीन इथल्या बाटल्या म्हणजे २१०० मिलिलिटर, शंभर जास्त. बरेच लोक ‘तीन तर आहेत’ म्हणून ग्रीन चॅनलनं निघतात आणि अडकतात. दोन आणा, किंवा विमानतळावर एक-एक लिटरच्या दोन घ्या. डिस्टिलरीतली बाटली चेक-इन बॅगेत, मूळ खोक्यासकट; केबिन बॅगेत ती सुरक्षा तपासणीत जाऊ शकते. सत्तर टक्क्यांवरची कुठल्याच बॅगेत चालत नाही, पण बाटलीबंद स्कॉच सहसा तिथवर जात नाही. घरी पोचल्यावर महाराष्ट्राचा मद्यसेवन परवाना लागतो, तो नसेल तर काढून ठेवा. आणि बिल खिशात ठेवा. कस्टम्सवाला विचारतो तेव्हा ते नेमकं बॅगेच्या तळाशी असतं.